ट्रंकेतला चांदोबा



मृग निघायच्या आधी घरोघरी एक काम हमखास निघतं. माळ्यावरची अडगळ खाली येते, कणग्या झाडल्या जातात, पत्र्याच्या ट्रंका अंगणात उन्हाला ठेवल्या जातात. मग त्यातून काय काय बाहेर पडतं. सोसायटीच्या जुन्या पावत्या, पिवळा पडलेला सातबारा, कुणाकुणाच्या लग्नपत्रिका, घडी घालून ठेवलेला एखादा पटका. आणि ज्या घरात तीस-चाळीस वर्षांपूर्वी वाचणारं पोर होतं, त्या घरच्या ट्रंकेत अगदी तळाशी एक गठ्ठा सापडतो. कोपरे कुरतडलेले, वरचं पान गेलेलं, मधल्या एखाद्या पानावर हळदीचं बोट उमटलेलं. उघडून बघावं तर चांदोबा!

रद्दीवाला तो किलोवर घेऊन जातो. तो दारात यायच्या आत आज माझं थोडं ऐकून घ्या.

ज्या लेकी-सुनांनी चांदोबा पाहिलाच नाही, त्यांच्यासाठी आधी चार गोष्टी सांगते. चांदोबा हे मुलांचं मासिक. मद्रासहून निघायचं, पण बोलायचं मराठी. नागी रेड्डी आणि चक्रपाणी या दोघांनी 1947च्या जुलैत ते तेलुगू आणि तमिळ भाषांत सुरू केलं. मराठी चांदोबा 1952 साली आला. हे नागी रेड्डी म्हणजे सिनेमावाले बरं का. दिलीपकुमारचा 'राम और श्याम' त्यांनीच काढलेला. सिनेमावाल्यांच्या घरचं मासिक असल्यामुळे असेल, पण चित्राशिवाय पान नाही असा त्यांचा खाक्या होता. गोष्टी त्याच, चित्रंही तीच, फक्त भाषा निरनिराळी. आपल्याकडच्या मुलानं जे चित्र मराठीत बघितलं, तेच तिकडे तेलंगणातल्या आणि ओरिसातल्या मुलानं आपापल्या भाषेत बघितलं. म्हणून तर त्यातल्या बायकांची लुगडी नेसायची तऱ्हा आपल्यासारखी नसायची, आणि घरांपुढच्या ओसरीचे खांब जरा वेगळेच दिसायचे.

1998 साली ते एकदा बंद पडलं, वर्षभरानं परत निघालं, 2007 साली मालकी बदलली आणि 2013च्या सुमारास कायमचं थांबलं. म्हणजे आज आहे ते एवढंच. तुमच्या आमच्या ट्रंकेतलं.

माझ्याकडचा गठ्ठा माहेरचा आहे. माझे चुलते एस.टी.त वाहक होते. महिन्याला स्टँडवरच्या दुकानातून अंक आणायचे, आणि वर्षाचे बारा अंक झाले की तालुक्याच्या बाइंडरकडून कापडी पाठ लावून बांधून घ्यायचे. असा जाडजूड बांधलेला चांदोबा म्हणजे आम्हा भावंडांचं एकच एक चित्रांचं पुस्तक. त्याच्याशिवाय घरात छापील असं काय होतं? पंचांग, पोथी आणि शाळेची पुस्तकं. ती बांधलेली दोन वर्षं मी यंदा माहेराहून उचलून आणली. थोरली पाचवीत आहे, धाकटा दुसरीत. म्हटलं, बघूया तरी त्यांना काय वाटतं.

मंडळी, लहानपणी पाहिलेलं पुस्तक आईबाप झाल्यावर उघडलं की पहिल्यांदा एक गंमत होते. सगळं लहान झालेलं असतं. वेताळाचं चित्र माझ्या आठवणीत भिंतीएवढं होतं. प्रत्यक्षात ते अर्ध्या पानाचं. मसणवटीतलं वठलेलं झाड, पायांत कवट्या, आभाळात वीज, आणि हातात नंगी तलवार घेऊन, खांद्यावर मढं टाकून चाललेला विक्रम राजा. हे चित्र ज्या पानावर असेल ते पान मी रात्री उघडत नसे. माझ्या धाकट्यानं ते दिवेलागणीला उघडलं, निरखून पाहिलं आणि म्हणाला, "आई, मढं जड असतं ना गं? मग तो तलवार म्यानात का घालत नाही? दोन्ही हातांनी धरता येईल की." घ्या! पोत्यांची हमाली बघत वाढलेलं पोर. त्याला भुताचं काही नाही, ओझं कसं उचलावं याची काळजी.

हे वेताळाचं चित्र काढणारे चित्रकार शंकर. पूर्ण नाव के. सी. शिवशंकरन. 1924 साली तमिळनाडूत धारापुरमकडच्या एका खेड्यात जन्मले, मद्रासच्या कलाशाळेत शिकले, आणि पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला चांदोबात आले ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. 2020 साली वारले. पुढच्या वर्षी, 2021 साली, सरकारनं त्यांना मरणोत्तर पद्मश्री दिली. त्यांच्या आधीपासून 'चित्रा' या नावानं राघवन चित्रं काढत. मुखपृष्ठांची ती भरजरी रंगीत चित्रं पुष्कळदा वड्डादी पापय्यांची असत. आम्हाला लहानपणी यातलं एकही नाव ठाऊक नव्हतं. चित्र कुणी तरी काढतं, हेच मुळात डोक्यात नव्हतं. चांदोबा छापून येतो, जसा आंबा पिकून येतो.

शंकरांच्या गावाबद्दल मुद्दाम सांगितलं, कारण आमच्या घरच्यांनी एक गोष्ट हेरली. संध्याकाळी पोरं पुस्तक घेऊन बसली की आमचे हेही चष्मा लावून वाकून बघतात, वाचायला नाही, बैल बघायला. म्हणाले, "गाडी बरोबर काढलीय. जू मानेवर जिथं बसायला पाहिजे तिथंच बसलंय. पण बैल आपल्याकडचा न्हवं." आमचं माहेर-सासर दोन्ही माणदेशातलं, खिल्लाराच्या मुलखातलं. आपल्या खिल्लाराची शिंगं लांब, मागं जाऊन वर उठणारी. धारापुरमकडचा मुलूख हा कांगायम बैलांचा. त्यांची शिंगं बाहेर पसरून मागं वळतात आणि टोकं एकमेकांकडं येतात, जणू कडं करायला निघालेली. ज्या बैलांच्या गोठ्याशेजारी माणूस वाढला तेच बैल त्याच्या हातून उतरत असणार, असा माझा आपला अंदाज. सिनेमातला गावकरी लगेच खोटा कळतो. या चित्रांतली विहीर, रहाट, कडब्याची गंज बघून शेतकऱ्याचा जीव खटकत नाही, ही साधी गोष्ट नव्हे.

आता वाचण्याबद्दल. वेताळाच्या गोष्टींची मूळ पंचविशी फार जुनी. सोमदेव नावाच्या काश्मीरच्या पंडितानं अकराव्या शतकात 'कथासरित्सागर' लिहिला, त्यात त्या आहेत. पंचवीस संपल्यावर चांदोबावाल्यांनी इकडच्या तिकडच्या गोष्टी त्याच साच्यात घालून महिन्याला एक असा वेताळ पुढं वर्षानुवर्षं चालू ठेवला. साचा तुम्हाला ठाऊकच आहे. राजानं मढं खांद्यावर घ्यायचं, त्यातल्या वेताळानं गोष्ट सांगायची, शेवटी एक प्रश्न टाकायचा. उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील. उत्तर दिलंस तर मौन मोडलं, मी परत झाडावर.

लहानपणी आम्ही प्रश्न आला की पुढच्या चार ओळी घाईनं वाचून टाकत असू. राजा काय म्हणाला ते कळलं की झालं. आता आई म्हणून वाचताना मी प्रश्नाशी थांबते आणि पुस्तक मिटून पालथं ठेवते. एवढंच करून बघा. घरात काय गोंधळ होतो ते बघा.

पंचविशीतली ती सिंहाची गोष्ट घ्या. चार भाऊ चार विद्या शिकून येतात. रानात त्यांना एक हाड सापडतं. पहिला त्यावर मांस चढवतो, दुसरा कातडी आणि केस, तिसरा बाकीचे अवयव पुरे करतो आणि चौथा जीव घालतो. निघतो सिंह. तो चौघांनाही खाऊन टाकतो. वेताळ विचारतो, पाप कुणाच्या माथ्यावर? राजाचं उत्तर असं, की चौथ्याच्या. कारण समोर सिंह आहे हे दिसत असताना त्यानं जीव घातला. आधीच्यांना काय घडतंय ते कळत नव्हतं.

आमच्याकडं हे उत्तर कुणाला पटलं नाही. धाकटा म्हणाला, पहिल्यानं हाड उचललंच कशाला, ते पडू द्यायचं होतं. थोरली म्हणाली, तिसऱ्याची चूक, कारण सिंहाचा पंजा लावताना त्याला कळलं असणार, पण त्याला आपली विद्या दाखवायची हौस. आमचे हे शेवयांच्या खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, "आपल्या शिवारात बोअर कशी झाली? एकानं जागा दाखवली, एकानं गाडी आणली, एकानं कर्ज काढून दिलं, शेवटच्यानं बटण दाबलं. इहिरी आटल्या त्या कुणाच्या पापानं?" यावर अर्धा तास वाद झाला. जेवणं थंड झाली. मी मध्ये पडले नाही. राजाचं उत्तर मी दुसऱ्या दिवशी वाचून दाखवलं, तेव्हा थोरली म्हणाली, "राजाला सोपं आहे, मेलेल्या चौघांतला एक निवडायचा." शाळेतल्या धड्याखालच्या प्रश्नांना ही पोरगी असली उत्तरं कधी देत नाही.

पण मंडळी, सगळंच काही गोड नाही. जे लहानपणी डोळ्याखालून निसटून गेलं होतं ते आईच्या नजरेला टोचतं, आणि तेही सांगितलं पाहिजे.

आमची थोरली सावळी आहे. सावळी म्हणजे गावात जिला पाहुणे 'नाकीडोळी नीटस' म्हणून पुढचं बोलत नाहीत, तशी. तीन-चार अंक पाहून झाल्यावर तिनं विचारलं, "आई, राक्षस सगळे काळेच का गं? आणि राजकन्या एक तरी काळी आहे का?" आम्ही दोघींनी मिळून शोधलं. दोन्ही वर्षांचे अंक उलटून पाहिले. राक्षस काळे, जल्लाद काळा, चेटकीण काळी, दासी कधीमधी काळी. राजकन्या एकही नाही. मी म्हटलं, "आपला विठोबा काळाच की, आणि कृष्ण?" तिनं पान उलटून दाखवलं. कृष्ण होता, पण निळा. "याला निळा रंगवलाय," ती म्हणाली, "काळा नाही." यावर मला बोलायला काही सुचलं नाही, आणि उगाच काहीबाही बोलून तिची समजूत काढावी असंही वाटलं नाही. तिला दिसलं ते खरं होतं. चित्रकार किती का थोर असेना, तो त्याच समाजातला, ज्यात हळद लावून मुलगी उजळ होते का बघतात.

मग असलं पुस्तक मुलांच्या हाती द्यावं की नाही? शहाणी माणसं म्हणतात, देऊ नये. मला ते पटत नाही. टीव्हीवरच्या जाहिरातीत हेच आहे, लग्नाच्या मांडवात हेच आहे. तिथं पोरीला थांबून विचारायला सवड मिळत नाही. पुस्तकाचं पान थांबतं. त्यावर बोट ठेवता येतं.

दुसरं ते अर्ध्या राज्याचं. तुम्हाला आठवतच असेल. कुणीतरी राक्षस मारतो किंवा रोग बरा करतो, राजा खूष होतो, अर्धं राज्य आणि राजकन्या देऊन टाकतो. आम्ही लहानपणी याच ठिकाणी खूष होऊन पान उलटायचो. थोरलीनं विचारलं, "अर्धं राज्य जावयाच्या नावावर झालं. मग राजकन्येच्या नावावर काय?" माझ्या हातात भाकरीचं पीठ होतं. मी म्हटलं, काही नाही. "आणि राजाला मुलगा नसला तरी?" तरी काही नाही.

मायबहिणींनो, गोष्टीतला राजा जुना आहे, कायदा नवा आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाएवढाच हक्क, असा कायदा महाराष्ट्रानं 1994 साली केला आणि 2005 साली तो साऱ्या देशासाठी झाला. त्या वेळी बाप हयात नव्हता तरी मुलीचा हक्क जात नाही, असं 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं. हे झालं कागदावर. प्रत्यक्षात दिवाळीला किंवा पंचमीला बहीण माहेरी येते, तलाठ्याकडं एक चक्कर होते, हक्कसोडीवर अंगठा किंवा सही होते आणि साडी-चोळी घेऊन ती परत जाते. भावाशी गोडी राहावी म्हणून. तुमच्यापैकी किती जणींनी केली असेल ती सही, हात वर करा म्हटलं तर गावचं गाव उभं राहील. मी केली की नाही, ते या पानावर सांगत नाही. पोरीनं मात्र विचारलं, आणि तिला मी सांगितलं.

आता जे सांगायचं म्हणून आज लिहायला बसले ते.

हा बांधलेला चांदोबा आम्हाला लहानपणी आई वाचून दाखवायची. रात्री चुलीपुढची कामं उरकली की चिमणी जवळ ओढायची, पुस्तक मांडीवर घ्यायची, पान उलटायची आणि गोष्ट सांगायची. मला स्वतःला वाचता येईपर्यंत आईला वाचता येत नाही हे मला ठाऊकच नव्हतं. ती शाळेत कधी गेलेलीच नाही. चित्रांवरून गोष्ट लावायची. पान उलटायची वेळसुद्धा बरोबर साधायची. पुढं मी वाचायला शिकले आणि नवे अंक आपले आपण वाचू लागले. पण ते बांधलेले जुने अंक कधी वाचले नाहीत. त्यातल्या गोष्टी तर येतच होत्या, पुन्हा कशाला वाचायच्या?

त्या मी पहिल्यांदा वाचल्या यंदा, मुलांपुढं बसून. आणि एकही गोष्ट जुळेना!

एक चित्र सांगते. राज्य गेलेला राजा, राणी आणि लहान पोर रात्रीचे पायवाटेनं चाललेत. राणीच्या डोक्यावर गाठोडं, कडेवर मूल, बाजूला एक वठलेलं झाड. छापलेली गोष्ट अशी, की शत्रूनं राज्य घेतलं, राजा रानात गेला, पुढं त्याला एक साधू भेटला वगैरे. आईची गोष्ट वेगळी होती. तिच्या गोष्टीत ही बाई खडी फोडायला चाललेली होती. झाडाला पान नव्हतं कारण दोन वर्षं पाऊस नव्हता. मागं राहिलेल्या वाड्यात बैल होते, ते आदल्या दिवशी बाजारात कवडीमोलानं गेले होते. गाठोड्यात एक पातेलं, एक घोंगडं आणि मुलासाठी सुकडी. रस्त्याच्या कामावर मुकादम हजेरी घ्यायचा, आणि राणी दगडावर हातोडा मारायची. तिला आधी जमायचं नाही, मग जमायचं.

हे सगळं आम्ही राजाराणीची गोष्ट म्हणूनच ऐकलेलं. 1972 सालच्या दुष्काळात आई नवी नवरी होती, आणि दुष्काळी कामावर तिनं खडी फोडलेली आहे, सुकडी आणि मिलोवर दिवस काढलेत, हे तिनं आम्हाला वेगळं बसवून कधीच सांगितलं नाही. सांगायची सवयच नव्हती त्या बायकांना. कुणी विचारलंही नाही. चांदोबातल्या राणीच्या नावावर तिनं ते घातलं आणि आम्हाला झोपवलं.

गेल्या महिन्यात आई आमच्याकडं आठ दिवस राहायला आली होती. थोरलीनं आजीला तीच गोष्ट वाचून दाखवली, छापील, अगदी शब्द न् शब्द. आई पदर सावरून नीट बसली आणि शेवटपर्यंत ऐकली. तिचं पुस्तक तिला पहिल्यांदाच कुणी वाचून दाखवत होतं. संपल्यावर म्हणाली, "आसं लिवलंय व्हय? बरं हाय की." मग थोडं थांबून विचारलं, "रानात गेल्यावर त्या बाईनं पोराला काय खाऊ घातलं, ते लिवलंय का?"

थोरलीनं परत मागं जाऊन शोधलं. "नाही आज्जी. नाही लिहिलेलं."

"मग त्यानला ठावं न्हाई," आई म्हणाली.

त्या आठ दिवसांत दोन्ही पोरं आजीच्या गोष्टीला चिकटून बसली. धाकट्याला मिलो म्हणजे काय ते बघायचं होतं. तांबडी परदेशी ज्वारी, तिची भाकरी नीट थापत नाही, हे त्याला कसं दाखवणार? थोरलीनं पेन्सिल घेतली आणि त्या चित्राखाली बारीक अक्षरात लिहिलं, 'ही बाई खडीला चालली आहे.' पुस्तकात लिहू नये म्हणून मी एरवी कान पकडते. या वेळी नाही पकडला. आता ती एकेका चित्राखाली आजीचं लिहीत चालली आहे. अजून पुष्कळ चित्रं शिल्लक आहेत आणि आई परत आपल्या गावी गेली आहे. तेव्हा रोज रात्री फोन लागतो. पान अमुक, चित्रात एक म्हातारा, एक बकरी आणि पडकी भिंत, सांग आज्जी काय झालं. पलीकडून आई म्हणते, बकरीचा रंग कोणता ते आधी सांग.

म्हणून म्हणते, गठ्ठा रद्दीत घालू नका. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसापुढं तो एकदा उघडून बघा. वाचून दाखवू नका, आधी नुसतं चित्र दाखवा.

गठ्ठा नीट ठेवण्याबद्दल थोडक्यात. कडक उन्हात पुस्तक वाळवू नका, कागद ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्याला, पानं फडफडतील असं उभं ठेवा. पाठीला लावलेल्या खळीला कसर लागते, तेव्हा पानापानांत कडुनिंबाचा वाळलेला पाला घाला. तो पुरता वाळलेला हवा, नाहीतर डाग पडतात. फाटलेल्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नका. दोन-चार वर्षांत ती पिवळी पडते आणि अक्षरं घेऊन निघते. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाचा पातळ कागद पुरे. बाइंडरकडं दिलंत तर त्याच्या खळीत मोरचूद असतं, ते विषारी. पोरांना बोट ओलं करून पान उलटायची सवय असेल तर ती आधी मोडा. ज्यांच्याकडं गठ्ठाच उरला नाही त्यांनी गावच्या ग्रंथालयात जाऊन विचारावं. 1967च्या कायद्यानं गावोगावी वाचनालयं निघाली, त्यांच्या कपाटात मागच्या रांगेत पुष्कळदा असे बांधलेले अंक उभे असतात, आणि वर्षानुवर्षं कुणी मागत नाही म्हणून तसेच राहतात.

जाता जाता एक काम सांगते. आमच्या दुसऱ्या वर्षाच्या गठ्ठ्यात एका वेताळाच्या गोष्टीचं शेवटचं पान गेलं आहे. वेताळानं प्रश्न विचारला आहे आणि तिथंच कागद फाटला आहे. राजाचं उत्तर नाही. चित्रात राजासमोर तीन तरुण उभे आहेत, मधल्याच्या हातात पोपटाचा पिंजरा आहे. अंकाचं वरचं पानही नाही, त्यामुळं महिना सांगता येत नाही. घरात तीन उत्तरं तयार आहेत, आणि फोनवरचं चौथं. तुमच्यापैकी कुणाच्या ट्रंकेत हे पान निघालं तर या पत्त्यावर जरूर कळवा. फक्त एक करा, उत्तर वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घडी घालून पाठवा. आम्हाला इतक्यात बघायचं नाही.